विहिरीतली कोथिंबीर

नाक टोचलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. सोनारानं घातलेली तार आठवड्यात चिघळली आणि आजीनं ती काढून टाकली. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालतात. आजीनं ती घातली नाही. ती विहिरीवर गेली, पदराच्या टोकात काहीतरी हिरवं बांधून आणलं, त्याची सगळी पानं ओरबाडून टाकली आणि उरलेल्या काळ्याभोर, चकचकीत, तारेसारख्या देठाचा नखाएवढा तुकडा माझ्या नाकात सरकवला. पुढचे पंधरा दिवस मी नाकात विहीर घेऊन शाळेत जात होते.

हंसराजाची, म्हणजे त्या विहिरीतल्या नेच्याची, आणि माझी ओळख अशी नाकापासून झाली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. विहीर पणजोबांच्याही आधीची. काळ्या घडीव दगडाची, चुन्यात बांधलेली, उतरायला एकवीस पायऱ्या. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, 1719 ते 1724 च्या दरम्यान विरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. ती बघायला लोक गाड्या करून जातात. आमची एका मोटेची. तिला बघायला कधी कुणी आलं नाही, पोहायला मात्र अख्खी आळी यायची. मोट चालताना मी पाहिलेली नाही, माझ्या जन्माआधीच इंजिन आलं होतं. पण मोटेच्या दोरानं काठावरच्या दगडाला पाडलेल्या खाचा होत्या, त्यांत बोट बसायचं.

पायऱ्या उतरून गेलं की समोर दक्षिणेकडची भिंत. तिचं तोंड उत्तरेला, त्यामुळे वर्षातले बहुतेक महिने तिला ऊन माहीतच नसे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेवढ्या दिवसांत तिच्यावर तासभर उजेडाची तिरकी पट्टी पडायची. आणि जून लागला की बहुतेक दुपारी सूर्याच्या आड ढग. या भिंतीवर दगडांच्या दरजांतून हंसराज लोंबत असे. एखादं-दुसरं रोप नाही, चांगला हात-दीड हात रुंदीचा हिरवा पट्टा, भिंतीला कुणी काठ लावावा तसा. वैशाखात आमचं आख्खं रान करपलेलं असताना, गुरं धुळीत तोंड घालत असताना, विहिरीतला हा काठ मात्र नुकता धुतल्यासारखा हिरवा.

आजोबा त्या पट्ट्यावरून पाणी मोजायचे. हंसराजाची खालची कड जिथं संपते ती विहिरीच्या भरल्या पाण्याची रेघ, कारण महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिलेलं रोप कुजून जातं. एखाद्या वर्षी पाणी त्या कडेच्या वर चढलं की ते ओसरीवर येऊन सांगायचे, “हंसराज बुडाला.” घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळत असे. त्या वर्षी गहू पेरायचा.

मला लहानपणी पानांची मोठी गंमत वाटायची. प्रत्येक पान म्हणजे एक बोटाच्या पेराएवढा पंखा, कडेला कातरलेला, आणि तो धरून ठेवायला केसासारखी काळी काडी. दुरून बघितलं तर हुबेहूब कोथिंबीर. मी एकदा चावूनही पाहिला होता. कोथिंबिरीचा वास नाही, चव तुरट, मग मागाहून अगदी हलकी गोड. खूप वर्षांनी मला कळलं की अरबीत या वनस्पतीचं एक नाव ‘कुझ्बरत अल्‌-बीर’ असं आहे, म्हणजे शब्दशः विहिरीची कोथिंबीर. कुठल्या तरी अरब गावात, कुठल्या तरी विहिरीत डोकावून, कुणाला तरी अगदी तेच वाटलं होतं जे मला पायरीवर उकिडवं बसून वाटलं होतं. एवढा आनंद मला फार थोड्या शब्दांनी दिलाय.

आपल्याकडे हंसराज, राजहंस, कुठे घोडखुरी. घोडखुरी हे नाव खरं म्हणजे याच्या भावाचं, पण त्याच्याकडे नंतर येते. फारसीत परसियावशान. शाहनामा या फारसी महाकाव्यात राजपुत्र सियावशचा अन्यायानं शिरच्छेद होतो आणि रक्त सांडतं तिथं रोप उगवतं, ते नाव त्या कथेची आठवण ठेवून आहे. युरोपात लॅटिन नाव पडलं ‘कॅपिलस वेनेरिस’, व्हीनस देवीचे केस. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये तेच कायम केलं आणि पुढं जोडलं ‘अ‍ॅडिअँटम’, ते मूळ ग्रीक. त्याचा अर्थ न भिजणारा.

न भिजणारा, हे आम्हा मुलांना ग्रीक न शिकता ठाऊक होतं. हंसराजाची डहाळी पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवायची. पाण्याखाली गेली की ती हिरवी राहत नाही, चांदीची होते. पानाच्या पृष्ठभागावर हवेचा पातळ पापुद्रा अडकून राहतो, पाणी पानाला टेकतच नाही, आणि त्या हवेवरून उजेड परततो म्हणून पान पाऱ्यासारखं लखलखतं. बाहेर काढून एक झटका दिला की कोरडं ठणठणीत. सुट्टीत आलेल्या शहरातल्या भावंडांना आम्ही हा खेळ एक गोळीच्या बदल्यात दाखवत असू. थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी जवळजवळ हेच लिहून ठेवलंय. गोळीचा उल्लेख नाही.

आता या पट्ट्याला तिथंच का राहावंसं वाटत होतं, ते सांगते, कारण माझ्या हातून पुढे जे झालं ते हे न कळल्यामुळे झालं.

हंसराजाला चुना लागतो. जगात तो जिथं जिथं रानात सापडतो तिथं बहुतेक करून चुनखडीचा कडा असतो आणि त्यातून पाणी पाझरत असतं. आमचा सगळा मुलूख काळ्या बेसॉल्टचा. चुनखडीचे कडे इथं नाहीत. पण विहीर बांधणाऱ्यांनी त्याच्यासाठी नकळत एक कडा तयार करून दिला. शेतातल्या मातीत चुनखडीचे पांढरट खडे सापडतात, ते भट्टीत भाजायचे, विझवायचे, वाळू घालून बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली दिवसच्या दिवस मळायचे. कुणी त्यात गूळ घाली, कुणी बेलफळाचं पाणी, कुणी हिरडा. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगड होतो, म्हणजे भट्टीत जाण्याआधी तो जे होता तेच. असा तो प्रत्येक दरजेत भरला गेला. त्याच्या मागून जमिनीतला ओलावा बारा महिने झिरपत राहिला. चुना पाणी अडवत नाही, गाळून सोडतो. दगड-चुन्याच्या सांध्यावर केसाएवढी फट, त्या फटीत धूळ, धुळीत ओल, वर सावली, खाली पाणी, वारा नाही, हवा मे महिन्यातही गार आणि दमट. एवढं सगळं एका बोटभर जागेत. कुंपण म्हणाल तर विहिरीचा कठडा, त्यामुळे शेळ्याही पोचत नाहीत.

आणि ही जागा त्याला स्वतःसाठी नव्हे, पोरांसाठी हवी असते. हंसराजाला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पान उलटं करून बघा. कडेचा भाग आत दुमडून एक तपकिरी घडी झालेली दिसेल, धोतराच्या काठाला टीप घालावी तशी. त्या घडीच्या पोटात बीजाणू असतात, पिकले की धुरळा होऊन उडतात. त्यांतला एखादा ओल्या दरजेत पडला तर त्यातून हंसराज येत नाही. येतो एक हिरवा, हृदयाच्या आकाराचा पापुद्रा, नखाहूनही लहान, ज्याला मूळ-खोड-पान काहीच नाही. या पापुद्र्यावर नर-मादी दोन्ही पेशी तयार होतात आणि नरपेशीला मादीपेशीपर्यंत अक्षरशः पोहत जावं लागतं. त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो, पाऊसभर नाही, थेंबभरसुद्धा नाही, पण लागतो. तो मिळाला तरच त्या पापुद्र्यातून पहिलं गुंडाळलेलं पान उकलतं. न भिजणारं म्हणून जगभर नाव झालेल्या या झाडाचं लग्न पाण्याशिवाय लागत नाही.

(एवढीशी वनस्पती, पण हिशेब मोठा आहे. 2022 मध्ये हंसराजाचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला. सुमारे 480 कोटी अक्षरं निघाली. माणसाची साधारण 310 कोटी. माझ्या नाकात माझ्यापेक्षा लांब पोथी होती म्हणायची.)

औषधाकडे वळायचं तर आमच्या घरी हंसराज म्हणजे खोकला. दिवाळीनंतर थंडी पडली, ज्वारीच्या रानात राखणीला गेलेल्यांचे घसे बसले की आजी मला पिटाळायची. “वरचा खुड. उपटू नगंस. मूळ ऱ्हायलं तर पुन्यांदा येतंय.” मी एका हातानं दगडाची कड धरून दुसऱ्या हातानं मूठभर खुडायची. मग तिच्या पितळी पातेल्यात तो हंसराज, बोटाएवढं ज्येष्ठमधाचं कांडकं ठेचून, चार मनुका, बांधावरच्या भुईरिंगणीचं मूळ, आणि चार वाट्या पाणी. एक वाटी उरेपर्यंत आटवायचं. गाळून खडीसाखर. काढा काळसर-तांबूस व्हायचा, वास ओल्या भिंतीचा यायचा, आणि रिंगणी असल्यानं कडू लागायचा. पण ज्येष्ठमध आणि खडीसाखर तो कडूपणा सांभाळून घ्यायची.

कॉलेजात असताना एकदा वाचनालयात चरकसंहिता चाळत होते. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय आहेत, दहा-दहा औषधांचे गट. त्यांतला एक गट ‘कण्ठ्य’, म्हणजे घशाला हितकर. सारिवा, उसाचं मूळ, मधुक, पिप्पली, द्राक्षा, विदारी, कैटर्य, हंसपादी, बृहती, कण्टकारिका. मी वाचत गेले आणि बोटं मुडपत गेले. मधुक म्हणजे ज्येष्ठमध. द्राक्षा म्हणजे मनुका. हंसपादी. कण्टकारिका म्हणजे आमची रिंगणी. दहांतली चार आजीच्या पातेल्यात होती. आजीला सही करता येत होती, तेवढंच. चरक तिच्यापर्यंत कुठल्या वाटेनं, कुणाच्या स्वयंपाकघरांतून आला असेल, याचा विचार करत मी त्या दिवशी पुढचं काहीच वाचलं नाही.

पण यात एक मेख आहे. आयुर्वेदाच्या सरकारी औषधिकोशानं हंसपदी म्हणून जे नेचं धरलंय ते विहिरीतलं नव्हे. ते त्याचं भावंड, अ‍ॅडिअँटम ल्युन्युलेटम. त्याची पानं पंख्यासारखी नसतात, अर्धचंद्रासारखी किंवा घोड्याच्या खुरासारखी असतात, म्हणून ती घोडखुरी. पावसाळ्यात ओढ्याकाठी, बांधाच्या कडेला, डोंगरातल्या पाऊलवाटेच्या उभ्या मातीत ती भरपूर दिसते. तिच्या पानाचं टोक लांबत जाऊन जमिनीला टेकतं, तिथं मूळ धरतं, आणि तिथून नवं रोप. अशी ती पावलं टाकत बांध ओलांडते. पण पाऊस सरला की तिची पानं सुकतात, आणि घसा बसण्याचे दिवस येतात तेव्हा बांधावर ती औषधाला उरत नाही. आजीला दोन्ही माहीत होते, ‘बांधावरचा’ आणि ‘विहिरीतला’. तिनं विहिरीतला घेतला कारण थंडीत तोच हिरवा असायचा. शास्त्राच्या दृष्टीनं ही भेसळ. माझ्या दृष्टीनं, वाणसामान संपल्यावर बाई जे करते ते.

युनानी हकिमांचं परसियावशान मात्र नेमकं हेच, विहिरीतलं. छातीत साचलेला कफ सुटा करायला, लघवी साफ व्हायला, आणि पाळी आणायला ते वापरतात. या शेवटच्या गुणामुळे गरोदर बाईला हंसराज द्यायचा नाही, हे आजीही पाळायची. धाकट्या काकूच्या काढ्यात तिनं त्या वर्षी नुसतं ज्येष्ठमध घातलं होतं. केसांसाठीचा उपयोग मात्र मला कधी पटला नाही. डायोस्कोरिडीज या प्राचीन ग्रीक वैद्यापासून सगळ्यांनी लिहिलंय की हंसराजानं गेलेले केस येतात. कारण काय, तर देठ केसासारखे काळे आणि चकचकीत. या न्यायानं कोबी खाऊन डोकं वाढायला हवं. खोकल्याचं मी तसं म्हणणार नाही, तिथं वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची साक्ष एकच आहे. पण त्यावर झालेलं आधुनिक काम बहुतेक प्रयोगशाळेतलं आणि उंदरांवरचं आहे. आणि आजीच्या काढ्यातलं ज्येष्ठमध, गरम पाणी, आणि पातेल्याशी बसून “अजून दोन घोट” म्हणणारी आजी, हे सगळं वजा करून हंसराजाच्या वाट्याला किती उरतं ते मला काढता येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर मी डॉक्टरकडे जाते.

फ्रान्समध्ये मोंपेल्ये नावाचं शहर आहे, जुन्या वैद्यकीय विद्यापीठाचं. तिथं याच हंसराजाचं सरबत करत, छातीच्या विकारांवर. सतराव्या-अठराव्या शतकात त्याचं नाव इतकं झालं की ते औषधाच्या कपाटातून निघून कॉफीच्या दुकानांत गेलं. ‘कापिलेर’ या नावानं लंडनच्या लोकांनी ते पाण्यात, चहात, मद्यातही घालून घेतलं. मग हळूहळू करणाऱ्यांच्या लक्षात आलं की लोकांना हंसराज नको आहे, गोडी हवी आहे. साखरेचा पाक, त्यात नारंगीच्या फुलांचं पाणी. हंसराज गेला. नाव कापिलेरच राहिलं.

पुण्यात एका काष्ठौषधींच्या दुकानातून मी एकदा हंसराज आणला होता. शंभर ग्रॅमची पुडी. घरी वर्तमानपत्रावर पसरून चष्मा लावून निवडायला बसले. थोडे पंखे निघाले, बरेच अर्धचंद्र निघाले, आणि तिसराच ढीग कसल्याशा गवताच्या काड्यांचा. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, तो पोत्यातून घेतो, पोतं डोंगरातून येतं, आणि डोंगरातल्या माणसाला किलोवर पैसे मिळतात. पण काढा मी केला नाही.

आता विहिरीचं. 2009 मध्ये मी आणि भावानं मिळून ती दुरुस्त करायला काढली. वरच्या बाजूच्या दरजांत उंबर आणि पिंपळ रुजले होते, उंबराच्या मुळानं एक चिरा चांगला चार बोटं पुढं ढकलला होता. ते काढायला हवेच होते, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण गवंड्यानं विचारलं, “ताई, ही खालची झाडं पण काढायची ना?” आणि मी पायऱ्यांच्या वर, उन्हात, एका हातात फोन धरून म्हटलं, “काढा सगळं. एकदाच स्वच्छ होऊ दे.” हंसराजाची मुळं दोरा-दोऱ्याची, ती दगड हलवत नाहीत, उलट दरजेतली माती धरून ठेवतात. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. फक्त त्या क्षणी उंबर, पिंपळ, हंसराज हे माझ्यासाठी एकाच बिलातली एक ओळ होते.

त्यांनी छिन्नीनं जुना चुना खरवडून काढला. पांढरा, ठिसूळ, आतून अजून ओलसर असा तो चुना पाट्या-पाट्या भरून वर आला आणि बांधावर पडला. दरजा सिमेंटनं भरल्या. करड्या, सरळ, एकसारख्या रेघा. विहीर नव्या वहीसारखी दिसायला लागली. आम्ही फोटो काढले.

सिमेंट पाणी सोडत नाही. जमिनीतली ओल भिंतीमागे येऊन थांबली. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेकडच्या भिंतीला पोट आलं, तिसऱ्यानंतर तिथले दोन चिरे पाण्यात गेले. आणि दक्षिणेची भिंत कोरडी पडली. तिच्यावरून पाझरणारं पाणी दुसरीकडून वाट काढून गेलं. मी दर दिवाळीला खाली उतरून बघायची. शेवाळाचे एक-दोन चट्टे, बाकी दगड.

घाबरून, किंवा अपराधीपणानं म्हणा, मी पुण्यात कुंडीत हंसराज वाढवायला घेतला. रोपवाटिकेत ‘मेडनहेअर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतलं, अ‍ॅडिअँटम रॅडिअ‍ॅनम. दिसायला सुरेख, पानांचा नुसता फेस. पंख्याचा वारा लागला, पानं वाळली. पंखा बंद केला, घरातले लोक वाळले. पाणी द्यायला एक दिवस उशीर झाला आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर सगळ्या पानांचा कुरमुरा. न्हाणीघरात ठेवला, तिथं महिनाभर बरा होता, मग कुणीतरी त्याच्यावर साबणाचं पाणी उडवलं. तीन आणले, तीन गेले. नाहीतर माझ्या हाताला झाडं लागतात, कढीपत्ता तर अंगावर येतो. पण हंसराजाला खत नको, कौतुक नको. त्याला रोज तीच, थोडीशीच, न चुकणारी ओल हवी. ती कामगिरी माणसाच्या स्वभावात बसत नाही, भिंतीच्या बसते.

गेल्या डिसेंबरात गावी गेले होते. आत्या आता घरी एकटीच असते, वय शहाऐंशी, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, खोकला मात्र जुना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत माझ्या आधी विहिरीवर. मी पोचले तर ती वरच्या पायरीवर बसून खाली बोट दाखवतेय.

“आला बघ परत. म्हटलं नव्हतं? दक्षिणंच्या अंगाला बघ.”

सिमेंट पंधरा वर्षांत तडकलं होतं. मोटारीच्या पाइपाचा जोड गळतो, त्याखाली भिंतीला मोठी चीर गेली होती, आणि त्या चिरेतून खरंच हिरवं काहीतरी झुबक्यानं बाहेर आलं होतं. क्षणभर माझाही श्वास अडकला. पण पाच पायऱ्या उतरल्यावरच कळलं. पंखे नव्हते. मधल्या एका दांड्याला दोन्ही बाजूंनी लांब, अरुंद पट्ट्या, फणीच्या दातांसारख्या, आणि टोकाची पट्टी सगळ्यांत लांब. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींवर, सांडपाण्याच्या नळामागं हाच असतो. प्टेरिस व्हिटाटा. यालाही चुना आवडतो, पण याचं काही नाजूक नाही. जुनं सिमेंट, विटा, गटाराची कड, काहीही चालतं.

“आत्या, हा हंसराज नाही.”

“नेचाच हाय की.”

“नेचा आहे, पण वेगळा. हा काढ्यात घालायचा नाही हं.”

“का? इखारी हाय का?”

मी तिला सांगितलं. फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये जाहीर केलं, त्यांना हा नेचा लाकडाला लावायच्या औषधानं बाटलेल्या जमिनीवर वाढताना सापडला. जमिनीत अर्सेनिक, म्हणजे सोमल, होतं, बाकी झाडं तिथं माना टाकत होती, आणि हा ते मुळांतून ओढून पानांत साठवत होता, मजेत. सोमल म्हटल्यावर आत्याला लगेच समजलं. आमच्या लहानपणी उंदरांसाठी घरात सोमल असायचा, माळ्यावर, वरच्या फळीला.

“म्हंजे आपल्या हिरीत सोमल हाय म्हणतीस?”

“तसं नाही गं. जमिनीत असला तर ओढतो. नसला तर नुसताच वाढतो. पण भिंतीवर, गटारावर दिसला म्हणून कुठलाही नेचा तोडून पोटात घ्यायचा नाही.”

तिनं पदराची गाठ सोडली. आत पट्ट्यांची दोन पानं होती. माझ्या आधी ती खाली उतरून आली होती, त्या डोळ्यांनी, त्या पायऱ्यांवरून. पानं तिनं बांधावर टाकली, जिथं कधीकाळी चुन्याच्या पाट्या रिकाम्या केल्या होत्या, आणि हात पदराला पुसले.

“मग ज्येष्ठमध तरी आणलंस का पुण्यास्नं?”

आणलं होतं. रिंगणी बांधाला होतीच, काटे सांभाळत मी एक मूळ उकरलं. मनुका डब्यात होत्या. आत्यानं तेच पितळी पातेलं काढलं, कल्हई उडालेली होती म्हणून परत ठेवलं आणि स्टीलचं घेतलं. चार वाट्यांची एक होईपर्यंत ती गॅसशी उभी राहिली. मी ओसरीवर बसून भावाला फोन करत होते, पाइपाचा जोड कधी बदलायचा ते ठरत नव्हतं. आतून हाक आली.

“हंसराजाचा काढा झालाय गं. गार व्हायच्या आत घे.”